चकती क्रमांक एकतीस आणि बाकीची मालमत्ता

मी, हिल्क्का सार्मा, वय चौपन्न, राहणार एस्पो, काम मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण टिपणारे शोधक बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. त्यातली एक रक्तवाहिनी तेवढी फुगली आहे आणि ती बांधण्यासाठी येत्या गुरुवारी कवटी उघडणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण कायदा भीतीला दबाव मानत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शंभरात चारच दगावतात, काळजी करू नका." अहो बाई, चकतीवरच्या शंभर शोधकांत चार बिघडलेले निघाले तर मी अख्खी चकती कचऱ्यात टाकते. हे मी मनातल्या मनात म्हटले.

१. तळ्याकाठची झोपडी, तिथली सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि गळकी होडी बहीण केर्त्तूला. "अगं, होडी नको, उन्हाळ्यात तूच ये," असे ती फोनवर म्हणाली. होडी तरीही तिलाच. सौनाचे दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. बँकेत जे असेल ते तिच्या दोन्ही मुलींना, सारखे.

२. घटस्फोटित नवरा राउनो याला एक झाडू. "बायको दिवसभर धूळ नसलेल्या खोलीत बसते आणि घरी केर काढत नाही," असे तो चारचौघांत सांगत असे. खरे होते, म्हणून अजून झोंबते.

३. माझे चार चिमटे, टोकांवरच्या टोपणांसह, प्रयोगशाळेत जो कोणी चकती पाडून त्याच दिवशी कबूल करील त्याला.

४. चकती क्रमांक एकतीस. आमच्या शोधकात टायटॅनियमवर सोन्याचा पातळ थर असतो. भयंकर थंडीत एका उंबरठ्यावर तो विजेला विरोध करणे सोडून देतो. त्याला नेमके त्या उंबरठ्यावर धरायचे. क्ष-किरणाचा एक कण आदळला की तो किंचित तापतो, ती ऊब मोजायची. म्हणून बनवताना नव्वद अंशांपुढे तापवायचे नाही. तापवला तर धातू एकमेकांत मुरू लागतात आणि उंबरठा पुढे कित्येक महिने हळूहळू सरकत राहतो; पहिल्या मोजणीत ते दिसत नाही.

प्रत्येक चकतीबरोबर एक पत्रक फिरते. पायरी झाली की आकडा लिहून सही करायची. अकरा फेब्रुवारीला मी हॉटप्लेटकडे न बघता आधीच 'नव्वद' लिहून सही ठोकली. सत्तावीस वर्षांची सवय. हॉटप्लेट आधीच्या कामासाठी एकशे ऐंशीवर होती. चकती उचलताना कळले.

आकडा मी खोडला नाही. थंड करून मोजणी करणारा माझा सहकारी तैस्तो ओरडला, "हिल्क्का, उंबरठा हवा तिथे बसलाय बघ! केक कधी आणतेस?" मी केक आणला.

एकतीस आता सीलबंद पेटीत आहे. शुक्रवारी जर्मनीला निघेल. तिथली माणसे तिच्यावर नमुन्यांतले लोखंड मोजतील आणि चुकीचे आकडे खरे मानतील. ठपका तैस्तोवर येईल, कारण शेवटची सही त्याची.

५. एवढे लिहून हायसे वाटले. मग ध्यानात आले की मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. तोवर पेटी गेलेली असेल. आणि मी जगले तर हा कागद फाडून टाकीन. मी मला ओळखते. मरणाला भितेच आहे. पण शंभरातल्या शहाण्णवांत येऊन गप्प बसेन, याला जास्त भिते.

आमच्याकडे साक्षीदाराला मजकूर दाखवावाच लागतो असे नाही. मी दाखवते. तैस्तो, सही करण्याआधी चौथे कलम वाच. इथेच, माझ्यासमोर.

एस्पो, मंगळवार, १४ एप्रिल २०२६
(सही) हिल्क्का सार्मा

साक्षीदार पहिला: आर्मास लुओमा, शेजारी, निवृत्त टपालवाला. हिल्क्काने आम्हा दोघांदेखत सही केली. पूर्ण शुद्धीत आहे.

साक्षीदार दुसरा: तैस्तो वैनोला. चौथे कलम वाचले. पेटी थांबवायला सांगितले आहे. पत्रकावरचा आकडा मी खोडणार नाही, तो तिने खोडायचा. त्यासाठी उद्या सकाळी आठला तिला प्रयोगशाळेत न्यायला येतो.