नऊ लाख चौऱ्याण्णव हजार नऊचा सूड

१ डिसेंबर १९८७, राजूर
काल साळूबाईच्या हॉटेलात कारभारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, भिवाला भागाकार येत न्हाई, म्हणून तर दहावीला तीनदा बसला. शेजारी बसलेला कडूबा इतका हसला की चहा नाकातून आला. मी म्हणालो, आकडा द्या. सरांनी बशीत बोट बुडवून टेबलावर लिहिला: ९,९४,००९. ही मूळ संख्या आहे का न्हाई, एवढंच सांग म्हणाले. मी अट घातली: बरोबर सांगितलं तर २६ जानेवारीला झेंड्याखाली माइकवर म्हणायचं, भिवा माझा गुरू. सर लगेच हो म्हणाले. घाबरले असणार.
हिशोब: हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. आकडा त्याहून लहान. म्हणजे हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागलं की झालं. त्या १६८. रोज तीन. २५ जानेवारीला काम पूर्ण.

२ डिसेंबर
७ ने भागलं, बाकी दोन. १३ ने, बाकी तीन. पडताळा घेतला. तीनदा.

५ डिसेंबर
४१ ने भाग गेला! सूड पाचव्याच दिवशी. चप्पल घातली. पडताळा घेतला तर बाकी पाच. चप्पल काढली. दोष पेन्सिलीचा.

२० डिसेंबर
साळूबाई दुकानासमोर उभी राहून म्हणाली, नारळ विकायचं सोडून काय आकडे करून राह्यला रे भिवा, मटका लावला का?
सर देवळात आल्ते. त्यांना मुद्दाम सडका नारळ दिला. संध्याकाळी आईने घरचा फोडला, तो सडका निघाला. अदलाबदल झाली असावी.

८ जानेवारी १९८८
चतुर्थीच्या गर्दीत तीन दिवस वाया. गणपतीवर राग नाही. सरांवर आहे. आता रोज चार.

२५ जानेवारी
९९१ झाला. बाकी छत्तीस. सरांचा आणि माझाही तोच आकडा. उरला फक्त ९९७. पण शर्टाला इस्त्री करायची आहे. १६७ जणांनी हात टेकले, हा एकटा काय दिवे लावणार? भाषण दोनदा सुवाच्य लिहून काढलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

२६ जानेवारी, सकाळी ११
माइकवर ठणकावून सांगितलं, मूळ संख्या आहे. सरांनी वही मागितली. पानं उलटत राहिले, तोवर पोरांच्या जिलेब्या संपल्या. मंग विचारलं, ९९७ कुठंय? मी म्हणालो, तोंडी केला. कडूबा आधीच हसायला लागला. सरांनी फळा आणवला आणि लिहिलं: ९९७ गुणिले ९९७.
पुढे माइक ओढून म्हणाले, बाकीचे एकशे सदुसष्ट बिलकुल बराबर हायेत. भिवाला भागाकार येत न्हाई, हे मी माघारी घेतो.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांसाठी.

दुपारी २
सर चुकले असतील म्हणून ९९७ ने भागून पाहिलं. बाकी शून्य. पडताळा घेतला. तीनदा.