जाळीबाहेरचं झाड

९ डिसेंबर
ऋजुताला ख्रिसमस ट्री हवंय. आमच्या घरात! पण शाळेत तिच्या वर्गात दरवर्षी असतं आणि यंदा बाईच केमोमुळे घरी. नाताळच्या सुट्टीआधी पोरं व्हिडिओ कॉल करणार आहेत. "त्यांना दाखवायला हवं ना रे काहीतरी?"

१० डिसेंबर
नौपाड्यातून प्लास्टिकचं आणलं. बोलणी खाल्ली. "वर्षभर पोरांना प्लास्टिक नको शिकवायचं आणि मी हे दाखवू?" तोडलेली फांदीही नको. कुंडीतलं जिवंत झाड हवं, नंतर शाळेच्या आवारात लावता येईल असं. अंगात ताकद नाही, पण हुकूम सोडायला कमी नाही. ओरडली ते बरं वाटलं.

१३ डिसेंबर
घोडबंदर रोडच्या नर्सरीतून कंबरेएवढं झाड आणलं, रिक्षात मांडीवर धरून. वर्तकनगर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला — डॉक्टरांनी घरात माती नको म्हटलंय. तिच्या पांढऱ्या पेशी कमी, मातीतल्या बुरशीनेही इन्फेक्शन होतं. म्हणून तर आमची तुळस शेजारच्या मालनकाकूंकडे दिली, आणि मी गाढव हे घेऊन दारात उभा. डॉक्टरांना फोन केला. ओरडलेच. "अजिबात नाही. बरं व्हायचंय ना त्यांना?"

झाड बाहेर ठेवलं, काकूंच्या चपलांच्या रॅकशेजारी. ऋजुता खुर्ची घेऊन सेफ्टी डोअरच्या जाळीतून बघत बसली. "पाणी घाल त्याला," एवढंच म्हणाली. मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

१५ डिसेंबर
घडीची शिडी उघडली, तिला ऋजुताची हिरवी साडी गुंडाळली, दिवाळीची माळ सोडली. ना नवं प्लास्टिक, ना माती. ती इतकी हसली की खोकला लागला. "नेसवलीच आहेस तर पदर तरी नीट काढ."

१९ डिसेंबर
कॉल झाला. शिडी पोरांना जाम आवडली. सान्वी नावाच्या चिमुरडीने विचारलं, "बाई, तुम्ही टोपी का घातलीय?" ऋजुता म्हणाली, "मीच सांता आहे यंदा." फोन ठेवल्यावर तिने टोपी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "जानेवारीत झाड शाळेत लावायला आपण दोघं जायचं हं."

मी लगेच हो म्हटलं.

२२ डिसेंबर
डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला एकटाच गेलो. केमोचा उपयोग होत नाहीये, आता बंद करू म्हणाले. पुढचं नीट ऐकूच आलं नाही. निघताना सवयीने विचारलं, पथ्य काय?

"आता काही पथ्य नाही. आवडेल ते खाऊ द्या."

आणि ते झाड?

"घ्या की घरात."

त्या दिवशीसारखे ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ डिसेंबर
झाड आत आणलं. ऋजुताने मातीत बोटं घातली. "परवानगी मिळाली?" हो म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "शाळेत तूच लाव रे."