आवाज न करणारी फटफटी

मु. दांडी, बोईसरजवळ
मार्च १९८९

ती. पंढरीदादा यांना कमलाकांतचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हाताला ग्रीस लागले आहे, पत्रावर डाग दिसला तर मायेचा समजावा). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींना सकाळच्या गारव्यात ओट्यावर बसू देऊ नये, खोकला वाढतो. इकडे आम्ही दोघे मजेत आहोत. तुमची बहीण तर इतकी मजेत आहे की तिने माझ्याशी बोलणेच सोडले आहे. त्याबद्दलच लिहायचे आहे.

तुम्ही लग्नात दिलेली फटफटी आता म्हातारी झाली, हे मी स्वतःच कबूल करतो. सकाळी ती सुरू होण्याआधी मी घामाघूम होतो आणि शेजारी जागे होतात. चढावर असा धूर सोडते की मागच्याला वाटावे, पुढे कुणी चूल पेटवून चालले आहे. नवी घ्यावी असे मंजुळेचे म्हणणे आहे. सुक्या मासळीचा धंदा तिचा, पैशाची पिशवी तिच्या कमरेला, तेव्हा म्हणणेही तिचेच. होडीत पाय ठेवला की मला उलट्या होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मासेमारांच्या घरात असा पुरुष जन्मला तर त्याने बायको आणि बोंबलांची टोपली मागे बसवून डोंगरातल्या पाड्यांवर जावे, दुसरे काय करावे? पण ते काम मला मनापासून आवडते, दादा. बोईसरच्या कारखान्यांची धुराडी मागे पडतात, हायवे ओलांडला की लाल मातीची वाट लागते, आणि तिथे जुनी फटफटी बैलाच्या चालीने चालू लागते. मोहाचा गोड वास येत असतो. उतारावरचे वाळलेले गवत वाऱ्याने इकडून तिकडे हलते आणि मला वाटते, हाच आपला दर्या, फक्त पोटात ढवळत नाही. मग त्या गवतावर माझी स्वतःची होडी निघते. शीड भरलेले असते, सुकाणू माझ्या हातात असते आणि डोंगर बेटांसारखे हळूहळू मागे सरकत असतात. (मंजुळा पाठीत ढोसते तेव्हा कळते की आपण वाट सोडून कुणाच्या तरी वालाच्या शेतातून चाललो आहोत.)

तर बोईसरच्या दुकानदाराने नवी गाडी एक दिवस चालवून बघायला दिली. एवढीशी किक, आणि आवाज म्हणाल तर मांजर झोपेत घुरघुरते तेवढाच. आम्ही पाड्यावर गेलो. एरवी आमची फटफट खालच्या ओढ्यापासूनच ऐकू जाते, आणि आम्ही वर पोचेपर्यंत बाया बोंबलांच्या बदल्यात द्यायला तांदूळ, वाल घेऊन आंब्याखाली जमलेल्या असतात. त्या दिवशी आंब्याखाली फक्त एक कुत्रे होते. मंजुळेने हाका मारून घसा बसवला, तेव्हा कुठे एकेक बाई येऊ लागली, आणि पहिलीच आलेली मंगळी म्हातारी आमच्यावरच डाफरली, "आवाज नाय, काय नाय, तुमी आलाव ता आमी कसा समजायचा?"

खरा घोटाळा परतताना झाला. जुनी फटफटी मंजुळा बसली की कण्हते (हे वाक्य तिला दाखवू नये). नवी कशानेच कण्हत नाही. रिकामी टोपली मागे बांधली, बोंबलांचा वास नाकात आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी समजलो की मंजुळा बसली. निघालो. वाट इतकी मऊ सरकत होती की मला बोलावेसे वाटले. गवताचे, होडीचे, बेटांचे, आजवर कुणालाही न सांगितलेले सगळे मी तिला सांगत सुटलो. ती एकदाही "पुढं बघा" म्हणाली नाही. आपल्या बायकोने आपले एवढे ऐकून घ्यावे, या विचाराने माझे डोळे भरून आले. सरावलीला चहाच्या टपरीपाशी थांबून मी "उतर" म्हणालो, तर चहावाला म्हणाला, "किससे बोल रहे हो चाचा, अकेले ही तो आए हो." मंजुळा तिकडे पाड्यावरच मंगळीशी बोलत उभी राहिली होती. ती दिवेलागणीला विटांच्या ट्रकातून घरी आली, आणि तेव्हापासून हा अबोला आहे.

एकंदरीत नवी गाडी उत्तमच, असे माझे मत झाले आहे. पेट्रोल कमी पिते, खड्ड्यात पाठ मोडत नाही, किक तर बाईमाणूसही मारील. तरी तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही सांगाल ते आम्हा दोघांना मान्य. आता हात धुवायला उठतो.

तुमचा,
कमलाकांत

ता. क. वरचा शेवटचा मजकूर मंजुळा डोकावत होती म्हणून लिहिला. खरी विनंती अशी, की 'मी दिलेली गाडी विकायची नाही' असे तिला खरमरीत पत्र लिहावे. ती जगात फक्त तुमचे ऐकते. नवीवर मी पाड्यांवर वेळेत पोचेन, पण ते गवत मला परत कधी दर्यासारखे दिसायचे नाही, अशी भीती वाटते. माझ्याजवळ तेवढेच आहे, दादा.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकायला मंजुळेकडेच देतो आहे. अबोल्यातही ती माझी कामे करते. पाकीट डिंकाने पक्के चिकटवणार आहे.

दादा, डिंक नाय, यांनी भाताची पेज लावलीय. आपोआप उघडला. जुनी गाडी मी इकणार नाय, तू कायपण लिहू नको. तिच्यावरच मी चालवायला शिकले, हे दुपारचे झोपतात तवा. एवडा आवाज झाला तरी हे उठले नाय. नवीचा इसार देऊन आले, ती मी चालवीन. त्या दिवशी हे वाटेत काय काय बोलत गेले, त्यातला मी कायच ऐकला नाय. आता हे मागं बसतील, परत पयल्यापासून सांगतील.

मंजुळा