बिनसेलचं बटण

३ फेब्रुवारी, मंगळवार

बटण बसलं. यांच्या पलंगाच्या डाव्या कडेला, हात पोचेल असं. आदेशने पुण्याहून पाठवलं आणि मंचरहून रत्नदीप वायरमन येऊन लावून गेला. भिंत फोडली नाही, वायर ओढली नाही – चिकटपट्टीवर नुसतं डकवलं. "काकू, याला सेलबी लागत न्हाई. बोटानं दाबलं की त्या दाबण्यातनंच करंट तयार व्हतो." म्हणजे दाबणाऱ्याचीच ताकद! दाबलं की स्वयंपाकघरात ओट्यावरचा छोटा लाल दिवा लागतो, पाच मिनिटांनी आपोआप विझतो. आणि तिकडे पुण्यात आदेशच्या मोबाईलवर नोंद होते.

यांनी बघितलं. म्हणजे, डोळे तिकडे होते.

५ फेब्रुवारी

दिवा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आदेश आला होता. यांना अर्धांग होऊन सात महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजही गेली असावी. चहा पिता पिता आदेश म्हणाला, "आई, पाडव्यापर्यंत बघू. त्यांनी एकदा जरी तुला बोलावलं तरी इथंच ठेवू. नाहीतर पुण्यात एका शुश्रूषा केंद्रात जागा धरून ठेवलीय. तू किती करणार?"

चांगला मुलगा आहे. भांडावं असं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. कपबशा विसळल्या.

११ फेब्रुवारी

उंबऱ्याशी स्टूल टाकून बसते. डावीकडे हे, उजवीकडे दिवा.

शेजारची अंजना कांद्याची पात द्यायला आली. "ताई, आसं काय टक लावून बसलाय? टीव्ही लावा की!" मग पलंगाकडे बघून – "दाजींनी जलमभर पाण्याचा तांब्या उचलून ठेवला न्हाई, आन् आता बटण दाबणार व्हय!"

मी हसले. खूप दिवसांनी. हसून झाल्यावर तोंड तसंच राहिलं थोडा वेळ.

चाळीस वर्षांत यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. खाकरायचे. चहाचं खाकरणं वेगळं, पाहुणे आल्याचं वेगळं. अंगणात ये, चांदणं बघ – त्याचंही एक होतं. नवी नवरी होते तेव्हा मला काय ठाऊक! कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढलेली मी – वाटलं, बिचाऱ्यांना खोकला आहे. रोज आल्याचा काढा करून द्यायची. महिनाभर मुकाट्यानं प्यायले.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. शिवनेरीवरून मशाली घेऊन मुलं रस्त्यानं पळत गेली. घोषणा पलंगापर्यंत आल्या. यांनी मान वळवली नाही. दिवा नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी दाबलं.

यांचं अंग पुसून झाल्यावर. एकदा, मग परत एकदा. खटका केवढा वाजतो! यांनी माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल पिळायला गेले.

दहा मिनिटांत फोन. "आई! बाबांनी दाबलं?"

"हो."

"दोनदा?"

"हो रे."

पलीकडे तो रडत होता.

शाळेत शनिवारी सिस्टर पत्र्याचा डबा फिरवायच्या. आठवड्यातलं खोटं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. मी हलकी हलकी शोधून टाकायची – भाजी खाल्ली नाही तरी खाल्ली म्हटलं, असली. आजचं लिहायला चिठ्ठी पुरली नसती.

२६ फेब्रुवारी

रोज सकाळी नऊला, दोनदा. यांच्या गोळ्यांबरोबर.

आता दिव्याकडे बघत बसावं लागत नाही. स्टूल आत ठेवून दिलं. दुपारी यांना भरवलं, कूस बदलून दिली, की मी परसात आवळ्याखाली बाजेवर जाऊन पडते. झोप येत नाही. पलीकडे कांदा काढणाऱ्या बायका बोलत असतात. ऐकू येतं, आत काही जात नाही. ऊन खाली आलं की उठते.

४ मार्च

अंजना – "ताई, गावभर झालंय! दाजी बटण दाबून हाका मारत्यात म्हणं! मी म्हटलं न्हवतं का!"

म्हटलं नव्हतं. पेढे मागून गेली.

आदेशने पुण्यातली जागा सोडली. हे इथेच राहणार. मला आनंद व्हायला हवा. भाकरी करपली तेवढं कळलं.

९ मार्च, सोमवार

आदेशचा फोन. इतके दिवस सकाळची नोंद आली की त्याचं समाधान व्हायचं. आज पहिल्यांदा सगळी यादी उघडून बघितली. "आई, रोज दुपारी दोन ते चार किती दाबतात गं बाबा! काल चौदा वेळा. परवा अकरा. तू असतेस कुठं?"

मी फक्त सकाळी दाबते.