सीलबाईची लेक

प्रिय ओस्ला,

मंगळवारी तुझं पत्र आलं, तेव्हापासून मी एका जागी टिकलेलो नाही. चुलीत जाळायच्या पीट-मातीच्या सुक्या विटा रचायला घेतल्या आणि अर्ध्याच टाकून किनाऱ्यावर गेलो. शेजारची जेसॅन म्हणाली, “मॅन्सी, अंगात मुंग्या शिरल्यात का तुझ्या?” तिला काय सांगणार? करड्या मेंढीला जुळं झालं. होडीला डांबर लावायचं राहिलंय. हे सगळं लिहितोय आणि मूळ गोष्ट टाळतोय, कळतंय मला.

तू चार वर्षांची होतीस. आई कुठे, आई कुठे करत माझ्यामागे खडकापर्यंत आलीस. तेवढ्यात पाण्यातून एका सीलनं डोकं वर काढलं, आणि मी बोट दाखवलं. म्हटलं, तुझी आई सीलबाई होती, कातडं उतरवून बाई झालेली सील, मी लपवलेलं कातडं तिला सापडलं, ते पांघरून ती समुद्रात परत गेली. गावानंही मान डोलावली. शाळेत पोरं तुला “ए सीलबाईची, भुंकून दाखव” म्हणायची. तू त्यांना दगड मारायचीस, आणि शाळा सुटली की खडकावर बसून त्या जनावरांना हाका मारायचीस. मी दारातून बघायचो. एकदाही तुला खरं सांगितलं नाही.

तुझ्या आईकडे, मेरनकडे, कातडं-बितडं काही नव्हतं गं. विक बंदरातल्या एका पिंपं बनवणाऱ्याची ती मुलगी. माझ्या आईच्या टोमण्यांना विटली होती, आणि मी मान खाली घालून जेवत राहायचो. एक दिवस म्हणाली, “पोरीला घेऊन माहेरी जाते.” मी म्हटलं, “तुला जायचं तर जा. पोर इथेच राहील.” मी आठवड्याभरात विरघळेन, असं तिला वाटलं असावं. भर दुपारी, गावादेखत, टपालाच्या बोटीनं गेली. पुढे तुझ्या नावानं तिची चार पत्रं आली. चारही मी चुलीत घातली. पाचवं आलं नाही.

तू लिहिलंयस, विकला हेरिंग मासे साफ करताना समोरच्या बाईनं तुझं नाव विचारलं, मग बेट विचारलं, आणि सुरी टाकून पिंपांमागे रडत बसली. बाई वेडसर वाटते, म्हणून तू दुसरीकडे जागा मागणार आहेस. मागू नकोस. चार पत्रांना उत्तर गेलं नाही, तेव्हा तुलाच ती नकोशी झाली असं ती धरून चालली असेल. पत्रं तुझ्या हाती पडलीच नाहीत, एवढं तिला सांग. मग मला काय म्हणायचं ते दोघी मिळून ठरवा.

तुझाच,
बाबा