पोचल्याची खबर

माय,

तुझी नात मंगळवारी अमेरिकेला गेली, शिकायला. "मम्मी, एअरपोर्टवर येऊ नको, रडायचं ते सुरतलाच रड," म्हणाली, म्हणून सकाळी आम्ही तिला स्टेशनवरच मुंबईच्या गाडीत बसवलं. दुपारी विमान उडालं. साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास, मध्ये कुठेही न उतरता. भेस्तानच्या घरी आल्यावर मी केरसुणी दाराआड उभी केली आणि फोनच्या नकाशावर सरकणारं तिचं इवलंसं विमान बघत बसले. अमेरिका पश्चिमेला असं शाळेत शिकले होते, आणि हे पूर्वेकडे निघालेलं. पृथ्वी गोल आहे हे मला या वयात पहिल्यांदा खरं वाटलं. तिचे बाबा हसले. "अगं, तुझ्या झाडूच्या वाऱ्यानं विमान हलणार आहे का?" मी म्हटलं, "नसेल हलत. माणूस पोचल्याशिवाय घर झाडायचं नाही."

तेव्हा तू फार जवळ आलीस. लिंबायतची आपली खोली. बाबा गावी गेले की अमळनेरपर्यंत पॅसेंजरचे पाच-सहा तास, पण पोचल्याचं पत्र यायला आठवडा लागायचा. तोवर तू केर काढत नसायचीस. बाबांच्या कपड्यांवरून पडलेल्या लूमच्या धाग्यांचा भुगा पायाला चिकटतो आहे, आणि शेजारची मावशी दारातून विचारते आहे, "काय वं, तुना घरमा कापूस पिकना का?" तू तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणतेस, "त्या पोचनात हाई कळू दे, मंग झाडसू." मला तुझी लाज वाटायची. आज वाटतं, काहीही दिसत नसताना, कुणी काही सांगत नसताना, आठवडाभर तू तो रस्ता एकटीने कसा धरून ठेवलास? माझ्या हातात तर सगळा समुद्र दिसत होता, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बुधवारी सकाळी तिचा आवाज आला. "मम्मी, उतरले! इथे अजून मंगळवारच आहे. संध्याकाळ." वाटेत तिने एक अख्खी रात्र ओलांडली होती, सूर्य उगवलेला पाहिला होता, आणि तरी तिचा मंगळवार संपला नव्हता. मी फोन ठेवला. मग केरसुणी घेतली.

झाडताना मला तुझा नियम कळला, माय. ज्यांनी परत यायचं असतं, त्यांच्यामागे झाडत नाहीत. तुला उचलून नेलं, तेव्हा तिरडी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत बायकांनी खोली झाडून, धुऊन घेतली होती. रीतच आहे ती, मीही पाणी ओतलं.

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही. खरं सांगू? तू पोचलीस की नाही, हे मला अजून कुणी कळवलेलं नाही.