बुधवारची कचरागाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

बंद! आमच्या समुद्रदेवीच्या, माझू मातेच्या देवळामागची म्हाताऱ्यांची दुपारची पंगत डिसेंबरनंतर बंद. महापालिकेच्या नव्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूदच नाही. आमचे वॉर्डप्रमुख वेंग साहेब यांना त्या पैशांत गल्लीच्या तोंडाशी दिव्यांची कमान हवी. "लोक फोटो काढायला येतील, काकू!" येतील आणि जातील. आमची म्हातारी माणसं कुठे जाणार?

सासरे गेल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पेजेचे दोन घोट, की झालं जेवण. पंगतीला जायला लागल्यापासून भांडतात, हसतात, माझ्या मुळ्याच्या लोणच्याला नावं ठेवतात. ठेवू देत! पुन्हा ती भिंत नको.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पौर्णिमा. मांसमच्छी वर्ज्य. पालिकेत अर्ज दिला.

कारकून म्हणतो, "पंगतीने स्वास्थ्य वाढतं म्हणता, पण मोजायचं कशात?"

म्हटलं, "सासूबाईंच्या शिव्यांत. आधी एकही नव्हती."

तो फिस्कन हसला. त्याच्या वरच्या अधिकारी सियाओ बाई हसल्या नाहीत. त्यांनी ठरवलं – पुढच्या बुधवारी संध्याकाळी देवळाच्या अंगणात मतदान. कमान की पंगत. त्या घडीला अंगणात असतील त्यांचेच हात मोजणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वेंग साहेब कमानीच्या मतांसाठी दारोदार प्लास्टिकचे टब वाटतायत. मीही घेतला. मत पंगतीलाच! पाप लागेल का, मातेला विचारलं. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या – दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे माता नुसती हसली, हो नाही की नको नाही. मग टबात मोहरीचा पाला मुरत घातला.

सोमवार, १० नोव्हेंबर

साहेबांची आईसुद्धा पंगतीला येते – मागच्या दाराने! लेकाला वाटतं, आई देवळात जप करते.

"त्याला सांगू नका हं. वॉर्डप्रमुखाची आई फुकटच्या पंगतीत? नाक कापलं म्हणेल."

सासूबाई म्हणाल्या, "मग तुझी मासळी इकडे सरकव. नाहीतर सांगतेच!"

बुधवार, १२ नोव्हेंबर

काय लिहू! अंगण गच्च भरलेलं, अर्ध्याहून जास्त टबवाले. साहेबांची आई, वेंग आजी, तेवढ्या आत गाभाऱ्यात, जपाला. सियाओ बाई "हात वर करा" म्हणणार, तोच कचरागाडीचं गाणं!

गाडी कोपऱ्यावर क्षणभर थांबते. चुकली की घरात माशांचे काटे कुजत बसतात. गाणं कानावर पडलं की आमच्याकडे पाय आधी पळतात, डोकं मागून येतं. अख्खं अंगण उठलं. साहेब सगळ्यांच्या पुढे. आणि मी? पंगतीसाठी घसा कोरडा केलेली मी – दोन पिशव्या घेऊन कोपऱ्यावर!

गाडीचा पत्ता नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. शेजारच्या चुआंग वहिनीने कपाळावर हात मारला, "अगं बाई, आज बुधवार! बुधवारी गाडी येते कधी?"

परतलो तर मोजणी आटोपलेली. ज्यांना पळता येत नाही तेच अंगणात उरले होते. झाडून सगळे हात पंगतीला!

"पुन्हा घ्या मतदान!" साहेब ओरडले. हातात गळकी पिशवी.

"आपण कुठे होतात?" सियाओ बाईंनी विचारलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

साहेबांची तक्रार गेली. देवळाच्या कर्ण्याला मोबाइल लावून गाणं कुणी वाजवलं ते शोधा म्हणे. सापडला की मतदान रद्द. सगळ्यांचा संशय माझ्यावर! मातेपुढे शपथ घेतली.

सासूबाईंना विचारलं. "मला मोबाइल-बिबाइल कळतं का?" पण डोळे काय चमकत होते! आणि लोणचं दोनदा मागून घेतलं.

काहीतरी ठाऊक आहे त्यांना. खोदून विचारलं तर पंगत जाईल. गप्प बसले तर माता बघतेच आहे. चंद्रकोरी टाकल्या. पुन्हा हसली. तिचं काय जातंय!

शनिवार, १५ नोव्हेंबर

विचारलं नाही. दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तक्रार मागे. गाणं वेंग आजींनीच वाजवलं होतं. लेकाला काल स्वतः सांगितलं – "घरी सगळं आहे रे. समोर बसून जेवणारं कुणी नाही."

आज आजी पंगतीला पुढच्या दाराने आल्या.